ड्राय बाल्कनी ओली का राहते?

एखाद्या नव्या सदनिकेचा नकाशा तुम्ही कधी निरखून पाहिला आहे काय? स्वयंपाकघराला लागून त्यात एक चिंचोळा चौकोन असतो आणि त्यावर ‘ड्राय बाल्कनी’ असे छापलेले असते. ड्राय म्हणजे कोरडी. प्रत्यक्षात धुणे तेथे, घासायची भांडी तेथे, ओले फडके तेथे आणि पावसाची झडही तेथेच! घरातील सर्वांत ओल्या जागेला ‘कोरडी’ हे नाव कोणी दिले असेल, याचे मला नेहमी नवल वाटते. पण ही जागा खरोखरच कोरडी राखता येईल काय, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा आहे, आणि २०२४ साली तो आमच्या घरात अगदी ऐरणीवर आला.

त्याआधीच्या वर्षी, म्हणजे २०२३ च्या जुलैत, आम्ही रत्नागिरीत भाड्याच्या घरात राहत होतो. बाहेर संततधार, त्यामुळे कपडे बैठकीच्या खोलीत दोऱ्यांवर वाळत घातलेले. त्यांचे ठिबकलेले पाणी फरशीवर साचले आणि पहाटे उठलेली माझी आई त्यावरून घसरली. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. म्हणून नव्या सदनिकेचा ताबा मिळताच पहिला विचार झाला तो धुण्याच्या जागेचा.

घरात दोन पक्ष पडले. सौ. म्हणाली, “अहो, सगळ्यांनी बाल्कनीला सरकत्या काचा लावल्यात. पाऊस आत येणार नाही, बाहेरून दिसायलाही छान.” आई म्हणाली, “अरे, काचा लावशील तर कपड्यांना वारा कुठून लागणार? मला आपली छताला दांडी हवी.” आठवीत शिकणारी आमची कन्या म्हणाली, “बाबा, तुम्ही फिजिक्स शिकवता ना? मग गणित करून सांगा!”

सूचना मोठी रास्त होती. तेव्हा आपण ते गणित करू या.

पाण्याच्या तीन वाटा

धुण्याच्या जागेत पाणी येते एकाच वाटेने, नळातून. पण तेथून बाहेर जाण्याच्या वाटा तीन आहेत. पहिली वाट कपड्यांतून बाहेर: पिळून, निथळून किंवा यंत्रात गरगर फिरवून. दुसरी वाट फरशीवरून मोरीकडे. तिसरी वाट हवेत, म्हणजे बाष्पीभवनाने. या तिन्ही वाटा मोकळ्या असतील तर जागा कोरडी राहते. एखादी जरी अडली, तर पाणी आपल्याला नको तेथे जाते. भिंतीत मुरते, फरशीवर साचते, नाहीतर कपड्यातच राहून कुबट वास मारू लागते. धुण्याच्या जागेची रचना म्हणजे मुख्यतः या तीन वाटांची रचना होय.

पहिली वाट: कपड्यांतून बाहेर

एखादा सुती टॉवेल भिजवून हाताने घट्ट पिळा आणि तोलून पाहा. कोरड्या टॉवेलाच्या वजनाइतके पाणी पिळल्यानंतरही त्यात सहज उरलेले आढळेल. सुताच्या तंतूंमधील बारीक फटी केशनलिकांप्रमाणे पाणी धरून ठेवतात. ते सोडवायला मनगटाचा जोर अपुरा पडतो.

धुलाई यंत्र हेच काम वेगळ्या रीतीने करते. पावसात भिजलेली छत्री दांड्याभोवती गरकन फिरवली, की कडेचे थेंब उडून शेजाऱ्याच्या अंगावर जातात, हे तुम्ही सर्वांनी केलेच असेल. थेंबाला वर्तुळात फिरत ठेवायचे तर केंद्राकडे ओढणारे बल सतत हवे. कापडाच्या कडेचे आकर्षण तेवढे बल पुरवू शकत नाही, म्हणून थेंब सुटतो आणि सरळ स्पर्शरेषेत निघून जातो. यंत्राच्या पिंपाला भोके असतात. पिंपाची भिंत कपड्याला आत ढकलून वर्तुळात ठेवते; भोकांपाशी पाण्याला अडवणारे मात्र कोणी नसते.

आता आकडे पाहा. पिंपाची त्रिज्या २४ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला ८०० फेरे असेल, तर कडेवरील त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे १७० पट होते. वेग १२०० फेरे केला तर सुमारे ३९० पट. वेग दीडपट वाढला, पण त्वरण सव्वादोनपट झाले. कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला १२०० फेऱ्यांनंतर सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या ढोबळमानाने निम्मे पाणी उरते. म्हणजे चार किलोग्रॅम कपड्यांमागे हाताने पिळल्यास चार लिटर, तर यंत्राने पिळल्यास दोन लिटर पाणी पुढच्या वाटेने न्यावे लागणार. हा दोन लिटरांचा फरक केवढा मोठा आहे, हे तिसऱ्या वाटेपाशी कळेल.

या वेगाची किंमतही मोजावी लागते. समजा, एक जड चादर पिंपात एकाच बाजूला गोळा झाली आणि त्या बाजूला अर्धा किलोग्रॅम वस्तुमान जास्त झाले. १२०० फेऱ्यांना ते पिंपाला सुमारे १९०० न्यूटन बलाने ओढू लागते. जवळजवळ दोनशे किलोग्रॅम वजनाइतके हे बल आहे, आणि त्याची दिशा सेकंदाला वीस वेळा फिरत असते! यंत्र थरथरते, कधीकधी चक्क चालू लागते, ते यामुळे. हा हिसका सोसण्यासाठी पुष्कळ यंत्रांच्या पोटात काँक्रीटचे जड ठोकळे बसवलेले असतात. ‘यंत्र इतके जड कशाला केले?’ असे हमाल विचारतो, त्याचे उत्तर हे आहे. तेव्हा यंत्राची जागा भक्कम, सपाट आणि शक्यतो कोपऱ्यात असावी, आणि त्याचे चारही पाय स्क्रूने कमीजास्त करून जमिनीला सारखे टेकवावेत. फळ्यांच्या डुगडुगत्या चौरंगावर यंत्र ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय.

दुसरी वाट: फरशीवरून मोरीकडे

पाणी उताराकडे धावते, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. पण आमच्या नव्या बाल्कनीत एक बादली पाणी ओतले, तेव्हा ते मोरीकडे न जाता ऐटीत स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबले! फरशी डोळ्यांना अगदी सपाट दिसत होती.

आमच्या गवंड्याने खिशातून कसलेही महागडे उपकरण काढले नाही. त्याने पाण्याने भरलेली एक लांब पारदर्शक नळी आणली. तिचे एक टोक दाराशी धरले, दुसरे मोरीपाशी. दोन्ही टोके उघडी असल्याने दोन्हीकडील पाण्यावर हवेचा दाब सारखाच. म्हणून नळी मध्ये कशीही वाकलेली असली तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येऊन थांबते. त्या पातळीपासून फरशीपर्यंतचे अंतर मोजले. मोरीपाशी ते जास्त भरायला हवे होते, भरले उलटेच. मोरीकडची बाजू एक सेंटिमीटर उंच होती!

फरशी उखडून पुन्हा बसवली. दर मीटरला एक ते दीड सेंटिमीटर ढाळ असला म्हणजे पाणी साचत नाही आणि माणसाला चालतानाही तो जाणवत नाही. आमच्या २.४ मीटर लांबीच्या बाल्कनीला आम्ही तीन सेंटिमीटर ढाळ दिला. शिवाय स्वयंपाकघराच्या दाराशी छोटा उंबरठा घेतला आणि फरशी गुळगुळीत न घेता खरखरीत घेतली. साबणाच्या पाण्याचा पातळ थर पायाचा तळवा आणि फरशी यांच्यामध्ये वंगणासारखा शिरतो आणि घर्षण एकदम कमी करतो. खरखरीत फरशीचे उंचवटे या थरातून वर डोकावतात आणि पायाला पकड देतात. आईच्या मनगटाची आठवण ताजी होती. फरशीच्या चकाकीपेक्षा तिची पकड आम्हाला अधिक मोलाची वाटली.

मोरीच्या जाळीखाली एक वाटीसारखा खोलगट भाग असतो. अभियंते आणि प्लंबर त्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपला ‘न्हाणी’ हा शब्दच त्यात बसला आहे. त्यात सुमारे पाच सेंटिमीटर उंचीचे पाणी कायम साचून राहते आणि तेच गटारातील वायूला वर येऊ देत नाही. पाण्याचेच झाकण! सुटीत महिनाभर घर बंद असले की हे पाणी वाळून जाते आणि परत आल्यावर घरात दुर्गंधी येते. उपाय सोपा आहे: तांब्याभर पाणी मोरीत ओतावे.

यंत्रातून घाण पाणी सोडणारी नळीही पाहू या. ती सरळ जमिनीवर सोडली तर काही यंत्रांत पाणी भरता भरताच आपोआप वाहून जाऊ लागते, कारण ती नळी वक्रनलिकेसारखे म्हणजे सायफनसारखे काम करू लागते. म्हणूनच ती माहितीपत्रकात सांगितलेल्या उंचीवर अडकवावी आणि तिच्या टोकाभोवती हवेला जागा ठेवावी.

जाता जाता, पाणी येण्याच्या वाटेविषयीही थोडे. पाण्याच्या १० मीटर उंचीमुळे सुमारे एक वातावरण दाब मिळतो. आडव्या पिंपाच्या कित्येक यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो, म्हणजेच तीन ते पाच मीटर उंचीवरचे पाणी. आमचा मजला सर्वांत वरचा. गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी आणि आमचा नळ यांमध्ये जेमतेम साडेतीन मीटर अंतर. तेव्हा ०.५ बार मागणारे यंत्र आम्हाला चालणारे नव्हते. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडे उत्तम चालणारे यंत्र वरच्या मजल्यावर रुसून का बसते, याचे कोडे आता तुम्हाला सुटले असेल.

तिसरी वाट: हवेत

आता खरा वाद. काचा लावाव्यात की नाही?

हवेला पाण्याची वाफ सामावून घेण्याची मर्यादा असते आणि ती तापमानावर अवलंबून असते. एक घनमीटर हवेत २० अंश सेल्सिअसला सुमारे १७ ग्रॅम, २८ अंशांना २७ ग्रॅम, तर ३५ अंशांना जवळजवळ ४० ग्रॅम वाफ मावते. यालाच संपृक्त स्थिती म्हणतात. पावसाळ्यात कोकणातील हवा मुळातच वाफेने भरलेली असते. समजा, तापमान २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के आहे. म्हणजे घनमीटरमागे २३ ग्रॅम जागा आधीच व्यापलेली. उरली फक्त ४ ग्रॅम.

आमची बाल्कनी २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच. म्हणजे आकारमान सुमारे ८ घनमीटर. आठ चोक बत्तीस. काचा बंद करून घेतल्या, तर आतील सगळी हवा मिळून जेमतेम ३२ ग्रॅम पाणी पिऊ शकेल. दोन मोठे चमचे! आणि यंत्राने पिळलेल्या कपड्यांत पाणी आहे दोन लिटर, म्हणजे २००० ग्रॅम. २००० भागिले ३२ म्हणजे सुमारे ६२. कपडे वाळायला बाल्कनीतील सारी हवा किमान ६२ वेळा बदलली पाहिजे. आठ तासांत वाळावेत अशी इच्छा असेल, तर साधारण दर आठ मिनिटांना एकदा. प्रत्यक्षात बाहेर जाणारी हवा पुरती संपृक्त झालेली नसते. म्हणून याच्या दुप्पट-तिप्पट वेळा बदलावी लागेल.

हाताने पिळलेले कपडे असतील तर हा सगळा हिशेब पुन्हा दुप्पट. पहिल्या वाटेचे महत्त्व आता ध्यानात आले ना? थेंबरूपाने बाहेर गेलेल्या पाण्यासाठी हवेची याचना करावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट. पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते. घरातील तापमानाला एका ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी. ही अप्रकट उष्णता होय. दोन लिटर पाण्यासाठी ११६० किलोकॅलरी होतात. एवढ्या उष्णतेत १६ लिटर पाणी २८ अंशांपासून उकळीपर्यंत नेता आले असते. कपडे ही उष्णता आजूबाजूच्या हवेतून घेतात. म्हणून ओल्या कपड्यांजवळची हवा गार होते आणि तिची वाफ सामावण्याची शक्ती आणखी घटते. म्हणजे बंद जागेत दुहेरी तोटा. वाहती हवा मात्र वाफ घेऊन जाते आणि नवी उष्णताही घेऊन येते.

मग बंद जागेत पंखा लावला तर? पंखा हवेतील वाफ कमी करत नाही. तो हवा फक्त हलवतो. कपड्याला चिकटून असलेला दमट थर बाजूला सारणे हे त्याचे काम. खोलीतील हवेला बाहेर जायला वाट असेल तर पंखा फार उपयोगी. वाट नसेल तर तो तीच ओली हवा गोल गोल फिरवत राहतो.

बंद काचांच्या बाल्कनीत अखेरीस काय होते, ते सहज ओळखता येईल. आतील हवा संपृक्त होते. रात्री काचा आणि बाहेरची भिंत जरा गार झाली की वाफेचे पाणी होऊन ओघळू लागते. त्या ओल्या भिंतीवर काळी-हिरवी बुरशी धरते. पाऊस बाहेर ठेवायला लावलेल्या काचांनी घरातच पाऊस पाडला, असे म्हणावे लागेल!

पण सौ.चे म्हणणेही खोटे नव्हते. कोकणात पाऊस तिरपा येतो. उघड्या बाल्कनीत वाळत आलेले कपडे पुन्हा भिजतात. म्हणून आम्ही मधली वाट काढली. बाहेरच्या बाजूला काचांऐवजी तिरप्या पट्ट्यांची झडप बसवली. पट्ट्यांचा उतार बाहेरच्या बाजूला. थेंब जड असल्याने पट्टीवर आपटून बाहेर ओघळतो. हवा मात्र वळण घेऊन आत शिरते. आणि हवा आत शिरायला बाहेर पडायची वाट लागतेच, म्हणून शेजारच्या बाजूच्या भिंतीत छताजवळ एक झरोका ठेवला. त्यात हवा बाहेर फेकणारा छोटा पंखा बसवला.

आजीची दांडी

आईच्या मागणीप्रमाणे छताखाली दांड्या लावल्या. जुन्या चाळींतून आणि कोकणातील घरांतून छताला टांगलेल्या वेळूच्या दांडीवर काठीने लुगडी वाळत घालण्याची रीत होती. त्यात मोठे शहाणपण आहे. उष्ण हवा हलकी असल्याने वर जाते. छतालगतचा थर थोडा उबदार असतो. आणि खालची जागा वावरायला मोकळी राहते. आमच्या दांड्या कप्पी आणि दोरीने खाली-वर होतात, त्यामुळे आईला हात उंचावावा लागत नाही. दोन दांड्यांमध्ये वीतभर अंतर ठेवले आहे. कपडे एकमेकांना चिकटले, तर त्यांच्यामधील हवा लगेच संपृक्त होते आणि मधले कपडे ओलेच राहतात. कपडा घडी घालून टाकला की मोकळा पृष्ठभाग कमी होतो, तेव्हा शक्य तेवढा पसरून टाकावा.

विजेची खबरदारी

पाणी आणि वीज एकाच खोलीत नांदायची, तर मध्ये पंच हवा. पाणी तापवणाऱ्या यंत्राची शक्ती २००० वॅट धरली, तर २३० व्होल्टला सुमारे ८.७ ॲम्पिअर प्रवाह वाहतो. म्हणून ६ ॲम्पिअरचे साधे सॉकेट चालत नाही. १६ ॲम्पिअरचे तीन पिनांचे हवे, आणि तेही पाणी उडणार नाही अशा उंचीवर. तिसरी, लांब आणि जाड पिन भू-तारेची. आतील जिवंत तार चुकून यंत्राच्या पत्र्याला लागली, तर प्रवाहाला आपल्या शरीरापेक्षा कितीतरी सोपी वाट ही तार देते. प्लग खोचताना ती सर्वांआधी जोडली जावी म्हणूनच तिला लांब केले आहे. जोडीला ३० मिलिॲम्पिअर गळती होताच प्रवाह तोडणारी सुरक्षा-कळ बसवावी. हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्यावे. येथे प्रयोग करू नयेत.

आणि सौंदर्य?

भिंतींना फिका रंग दिला. फिका रंग प्रकाश परत फेकतो, त्यामुळे लहान जागा उजळ दिसते आणि कपड्यावरचा डागही चटकन नजरेस पडतो. साबणासाठी एक फळी, मळक्या कपड्यांसाठी जाळीची टोपली, आईला बसून चार कपडे चोळता यावेत म्हणून भक्कम चौरंग. बस्स. पहिल्या पावसाळ्यात सौ.ने भिंतीवर बोट फिरवून पाहिले. बोट कोरडे निघाले. काचांचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. सारखे तीन रुमाल घ्या, भिजवा, सारखेच पिळा आणि तोला. एक बंद खोलीत पसरून टाका, दुसरा उघड्या खिडकीत, तिसरा त्याच खिडकीत पण चार घड्या घालून. दर अर्ध्या तासाने वजन घ्या आणि तिघांचे आलेख एकाच कागदावर काढा. कोणती रेषा सर्वांत वेगाने खाली येते, ते पाहा. मग आपल्या घरात कपडे कोठे वाळतात ते बघून या, आणि पाण्याच्या तीन वाटांपैकी तेथे कोणती अडली आहे, ते शोधून काढा. फरशीवर पाणी दिसले तर मात्र प्रयोग बाजूला ठेवून आधी ते पुसून घ्या. घरात आजी असेल तर नक्कीच.